डीव्हीडी ड्राइव्ह नसलेल्या मशिनांवर ऑपरेटिंग सिस्टिम : शाळेच्या संगणक खोलीतील प्रकल्प नोंदी

२४ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार : मोजदाद

दिवाळीच्या सुट्टीत खोली रिकामी आहे तोवर काम उरकायचे. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबरला संपला. इथल्या डेस्कटॉपांचे चौथ्या पिढीचे इंटेल प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाहीत. इंटेलची यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणून मुलांच्या मशिनांवर डेबियन (मोफत लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम) आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर विंडोज ११. चालू डीव्हीडी ड्राइव्ह एकालाही नाही.

खोलीतला माल असा :

डेस्कटॉप १६. कोअर आय३, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क.
नेटबुक ३. अ‍ॅटम एन२७०, १ जीबी रॅम, १०२४ बाय ६०० चा पडदा.
टू-इन-वन २. अ‍ॅटम झेड३७३५एफ, २ जीबी रॅम, ३२ जीबी ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली साठवण).
ग्रंथालयाच्या काउंटरवरचे पेंटियम ४ एक. डिस्क आयडीई (जुन्या रुंद केबलची).
ऑफिसचा लॅपटॉप एक. अकराव्या पिढीचा आय५, एनव्हीएमई (नव्या वेगवान जोडणीची) एसएसडी.

प्रत्येक मशिनाबद्दल वहीत चार गोष्टी लिहिल्या : प्रोसेसर ३२ बिट की ६४, फर्मवेअर (मशिन चालू होताच आधी धावणारा बोर्डावरचा प्रोग्राम) जुने बायोस की नवे यूईएफआय, यूईएफआय असेल तर ते स्वतः किती बिटचे, आणि तारेचे नेटवर्क पोर्ट आहे का. तिसरा रकाना बहुतेक जण गाळतात आणि तिथेच टू-इन-वन अडतात. विंडोज चालू असेल तर एमएसइन्फो३२ मध्ये ‘बायोस मोड’ ही ओळ बघावी. लिनक्स लाइव्ह (पेनड्राइव्हवरूनच चालणारे लिनक्स) चालू असेल तर फर्मवेअरच्या ईएफआय फोल्डरात एफडब्ल्यू-प्लॅटफॉर्म-साइज नावाची फाइल असते, तिच्यात नुसते ६४ किंवा ३२ लिहिलेले असते. तो फोल्डरच नसेल तर मशिन जुन्या पद्धतीने बूट झाले आहे.

यावरून वाटा ठरल्या. डेस्कटॉप : पहिला पेनड्राइव्हने, बाकीचे नेटवर्कवरून. नेटबुक आणि टू-इन-वन : पेनड्राइव्ह, पण प्रत्येकाची फाइल वेगळी. पेंटियम ४ यूएसबीवरून बूटच होत नाही. त्याची डिस्क काढून दुसऱ्या मशिनाला लावायची.

२५ ऑक्टोबर, शनिवार : पेनड्राइव्ह

१६ जीबीचे चार पेनड्राइव्ह आणले. लिहिण्याआधी एफ३ या क्षमता तपासणाऱ्या प्रोग्रामने तपासले. एफ३राइट पूर्ण ड्राइव्ह १ जीबीच्या फाइलींनी भरतो, एफ३रीड त्या परत वाचून ताडून बघतो. एक ड्राइव्ह निम्म्यावर उघडा पडला : नाव १६ जीबीचे, आत ८ पण नाहीत. असल्या मालात कंट्रोलर खोटी क्षमता सांगतो आणि जागा संपली की पुढचे लिखाण सरळ गिळतो, चूक दाखवत नाही. त्रास असा, की डेबियनची नेटइन्स्ट (बाकीची पॅकेजेस नेटवर्कवरून घेणारी छोटी) फाइल १ जीबीच्या आत असल्यामुळे त्यावर ती बिनबोभाट चालते. तोच ड्राइव्ह विंडोजसाठी घेतला की इन्स्टॉलर अर्ध्यात मोडतो आणि संशय बिचाऱ्या हार्ड डिस्कवर जातो. तो ड्राइव्ह बाजूला ठेवला, वर लाल पट्टी लावली.

फाइली तीन उतरवल्या : डेबियन १३ ची ६४ बिट, डेबियन १२ ची ३२ बिट, आणि विंडोज ११. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आले तेव्हापासून ३२ बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर दोन्ही बंद झाले, म्हणून नेटबुक आणि पेंटियमला १२ च. डेबियनच्या फाइलींचा एसएचए-५१२ (फाइल जशीच्या तशी उतरली का हे दाखवणारा आकडा) ताडून घेतला. दोन मिनिटांचे काम आहे. शाळेच्या इंटरनेटवर तुटत तुटत उतरलेल्या फाइलीबाबत तर टाळूच नये.

लिहिताना डीडी (लिनक्सची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञा) वापरला. लक्ष्य म्हणून पूर्ण उपकरण द्यायचे : एसडीबी (लिनक्सने पेनड्राइव्हला दिलेले नाव), एसडीबी१ (त्याचा पहिला विभाग, म्हणजे पार्टिशन) नव्हे. १ लावला तर फाइल पार्टिशनच्या पोटात जाते, ड्राइव्हच्या पहिल्या सेक्टरवर बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) येत नाही आणि मशिन ‘बूट करण्याजोगे काही नाही’ म्हणते. उलट बाजूची चूक जास्त महागाची : एसडीए दिले तर स्वतःची डिस्क साफ. म्हणून आधी एलएसबीएलके (डिस्कांची यादी दाखवणारी आज्ञा) चालवून आकार आणि मॉडेल वाचायचे, मगच एंटर. ब्लॉक ४ एमबी ठेवला आणि शेवटी एफसिंक (सगळे ड्राइव्हवर लिहून होईपर्यंत थांबण्याचा पर्याय) लावला. तो नसला की आज्ञेची ओळ लगेच परत येते, पण निम्मा मजकूर अजून रॅममध्येच असतो. त्या क्षणी ड्राइव्ह उपटला की गेले.

विंडोजवरून लिहायचे असेल तर रूफस (पेनड्राइव्ह लिहिणारा प्रोग्राम) ठीक, डेबियनसाठी त्यात ‘डीडी इमेज’ हा पर्याय निवडावा. लिहिल्यावर तोच ड्राइव्ह विंडोजला लावला तर ‘फॉरमॅट करू का’ विचारले जाते. नाही म्हणायचे. पुन्हा साध्या वापरासाठी ड्राइव्ह हवा असेल तेव्हा वाइपएफएस (लिनक्सवर) किंवा डिस्कपार्टमधल्या क्लीनने (विंडोजवर) जुन्या खुणा पुसाव्यात. नुसत्या फॉरमॅटने त्या कधी कधी मागे राहतात आणि आकार चुकीचा दिसत राहतो.

एका ड्राइव्हवर व्हेंटॉय (एकाच ड्राइव्हवरच्या अनेक फाइलींतून बूट करू देणारा प्रोग्राम) टाकून मेमटेस्ट (रॅमची तपासणी) आणि लाइव्ह फाइली ठेवल्या. तपासणीला छान. प्रत्यक्ष इन्स्टॉलला मात्र एक ड्राइव्ह, एक फाइल हेच बरे. सिक्युअर बूट (सही केलेलाच बूटलोडर चालू देणारी सोय) चालू असलेल्या मशिनावर व्हेंटॉयची किल्ली आधी नोंदवावी लागते, आणि अडलेच तर दोष फाइलीचा की व्हेंटॉयचा यात तास जातो.

२७ ऑक्टोबर, सोमवार : पहिला डेस्कटॉप

सेटअपमध्ये आधी तीन गोष्टी : फास्ट बूट बंद (चालू असताना फर्मवेअर यूएसबी जागे करायच्या आधीच पुढे जाते), साटा (डिस्कच्या जोडणीचा) मोड एएचसीआय, बूट यूईएफआय. सिक्युअर बूट चालूच ठेवले. डेबियनचा शिम (पहिला छोटा बूटलोडर) मायक्रोसॉफ्टच्या किल्लीने सही केलेला असल्यामुळे अडचण येत नाही. ‘लिनक्स टाकायचे तर सिक्युअर बूट बंद करा’ हा सल्ला डेबियनपुरता जुना झाला.

बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो : एकदा नुसत्या नावाने, एकदा मागे यूईएफआय लावून. दुसरा निवडायचा. चुकून पहिला निवडला तर इन्स्टॉल पूर्ण होते, पण ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) जुन्या पद्धतीने बसतो आणि फक्त यूईएफआय बघणाऱ्या फर्मवेअरला डिस्क रिकामी वाटते. डेबियनचा पहिला पडदाच सांगतो आपण कुठल्या वाटेने आलो : शीर्षकात ‘यूईएफआय इन्स्टॉलर’ किंवा ‘बायोस मोड’ असे असते. पुढे जाण्याआधी ती एक ओळ वाचावी.

बूट मेनूची कळ कंपनीगणिक वेगळी. डेल, लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, आसूसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरला एफ१२ च, पण ती बऱ्याचदा सेटअपमध्ये बंद असते, आधी एफ२ ने आत जाऊन चालू करावी लागते.

इन्स्टॉल अर्ध्यावर पॅकेज उतरवताना थांबले : रिलीज फाइल (पॅकेजांची सही केलेली यादी) ‘अजून वैध झालेली नाही’. नेटवर्क ठणठणीत होते. घड्याळ २०१४ च्या १ जानेवारीवर. सीमॉस बॅटरी (बोर्डावरची घड्याळाची) मेली की वीज गेल्यावर घड्याळ बोर्डाच्या मूळ तारखेवर जाते आणि अ‍ॅप्टला (डेबियनच्या पॅकेज-व्यवस्थेला) आजची सही भविष्यातली वाटते. ब्राउझरमध्ये तोच रोग ‘प्रमाणपत्र अवैध’ म्हणून दिसतो. सीआर२०३२, ३ व्होल्ट. मल्टिमीटरवर २.८ च्या खाली दाखवणाऱ्या सगळ्या बदलल्या. बॅटरी बदलल्यावर सेटअपमधल्या तिन्ही गोष्टी पुन्हा लावाव्या लागतात, हे विसरायला होते.

डिस्कांचे स्मार्ट (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) अहवालही काढले. दोन डिस्कांवर पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणाऱ्या जागा) दिसले; त्या काढल्या, तिथे १२० जीबीच्या एसएसडी. मरायला टेकलेल्या डिस्कवर नवी सिस्टिम घालण्यात अर्थ नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार : नेटवर्क बूट

उरलेल्या पंधरांना एकेक करून पेनड्राइव्ह लावणे शक्य आहे, पण प्रत्येक जण तीच पॅकेजेस इंटरनेटवरून पुन्हा उतरवणार. म्हणून पीएक्सई, म्हणजे नेटवर्क कार्डावरून बूट.

मांडणी : २४ पोर्टचा साधा स्विच, त्याला डेस्कटॉप आणि डेबियन असलेला एक लॅपटॉप. शाळेच्या राउटरला हा स्विच जोडायचा नाही. एकाच जाळ्यात दोन डीएचसीपी (पत्ते वाटणारे सर्व्हर) झाले की मशिन आधी उत्तर देईल त्याचे ऐकते, आणि राउटरने बाजी मारली तर पत्ता मिळतो पण बूट फाइलीचे नाव मिळत नाही. लॅपटॉपला तारेवर १०.२०.०.१ हा पत्ता दिला, इंटरनेट वायफायवरून. त्यावर चार कामे : डीएनएसमास्क (डीएचसीपी आणि बूट फाइली पाठवणारे टीएफटीपी), अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी (पोर्ट ३१४२), क्रोनी (घड्याळ) आणि प्रीसीड फाइल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची आधीच लिहिलेली उत्तरे) देणारा छोटा वेब सर्व्हर. डेस्कटॉपांना बाहेरचे इंटरनेट नाही, पॅकेजेस सगळी कॅशरमधून. पहिल्या मशिनाला वेळ लागतो, नंतरच्यांना तीच पॅकेजेस लॅपटॉपच्या डिस्कवरून मिळतात. क्रोनी हवाच, कारण बंद जाळ्यात घड्याळ लावायला बाहेरचे कोणी नाही आणि कालची रिलीज फाइलची कटकट पुन्हा उभी राहते.

टीएफटीपीच्या मुळाशी डेबियनचा नेटबूट संच उघडला. मुळाशीच. आतल्या एखाद्या उपफोल्डरात उघडला तर यूईएफआय मशिन ग्रबपर्यंत येतात आणि नुसता ‘ग्रब’ असा प्रॉम्प्ट दाखवून बसतात. ग्रब आपली मांडणी-फाइल ठरलेल्या मार्गावर शोधतो, ती सापडत नाही. चित्रमय इन्स्टॉलरचा संच घेतला, कारण मजकुरी इन्स्टॉलरच्या भाषांच्या यादीत मराठी नसते : साध्या कन्सोलला देवनागरीची जोडाक्षरे आणि मात्रा जुळवता येत नाहीत.

डीएचसीपी कक्षा ५० ते ९९. मशिन बूट मागताना आपला प्रकार क्रमांकाने सांगते : ० म्हणजे जुने बायोस, ७ म्हणजे ६४ बिट यूईएफआय. ० ला पीएक्सईलिनक्स, ७ ला बूटनेटएक्स६४. एकच फाइल सगळ्यांना दिली तर निम्मी मशिने काळा पडदा दाखवतात.

डेस्कटॉपच्या सेटअपमध्ये यूईएफआय नेटवर्क स्टॅक मुळात बंद असतो. चालू करून, जतन करून, एकदा पुन्हा सुरू केल्यावरच तो बूट यादीत उतरतो. त्याच पडद्यावर दिसत नाही म्हणून सोय नाही असे समजू नये.

अडथळे आले ते पीएक्सईच्या क्रमांकांवरून लगेच कळले. जुन्या पद्धतीच्या बूटात ई५१ : डीएचसीपीचे उत्तरच नाही. ई५३ : पत्ता मिळाला, फाइलीचे नाव नाही. ई३२ : नाव मिळाले, टीएफटीपी उघडेना, आमच्याकडे लॅपटॉपच्या फायरवॉलने यूडीपी ६९ अडवले होते. ई६१ : केबल. दोन पॅच कॉर्डची क्लिप तुटलेली निघाली, टेबल हलले की जोड सुटत होता. दुसऱ्या खोलीतल्या मॅनेज्ड स्विचवर आधी एक प्रयोग केला होता, तिथे ई५१ काही केल्या जाईना : स्पॅनिंग ट्रीमुळे (जाळ्यात वळसा तर नाही ना ही स्विचची तपासणी) पोर्ट उघडायला साधारण ३० सेकंद जातात, तोवर पीएक्सईचा धीर संपतो. पोर्टफास्ट (ती वाट बघणे टाळणारी स्विचची सेटिंग) लावा नाहीतर साधा स्विच घ्या. आम्ही साधा घेतला.

प्रीसीडबद्दल एक मत. भाषा, कीबोर्ड, वापरकर्ता, पॅकेजेस (एक्सएफसीई डेस्कटॉप-वातावरण, लिबरऑफिस, मराठी टंकनासाठी आयबस-एम१७एन, लोहित देवनागरी फॉन्ट) हे सगळे स्वयंचलित करावे, डिस्क पुसण्याचा प्रश्न मात्र माणसासाठी ठेवावा. दोन्ही स्वयंचलित केले आणि बूट क्रमात नेटवर्क पहिले राहिले तर इन्स्टॉल संपून मशिन सुरू होते, पुन्हा नेटवर्कवरून बूट होते आणि आत्ताच घातलेली सिस्टिम पुसून पहिल्यापासून सुरुवात करते. हात दाखवून अवलक्षण. त्यावर आणखी एक कुलूप : नेटवर्क बूट क्रमात न ठेवता फक्त एफ१२ च्या मेनूतून एकदाच निवडायचे.

दुपारी वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर, स्विच यूपीएसवर, डेस्कटॉप उघडे. पॅकेजेस बसता बसता बंद पडलेली मशिने दुरुस्त करत बसलो नाही, पहिल्यापासून घातली. सगळे कॅशरमध्ये असल्यामुळे तेच लवकर झाले.

३० ऑक्टोबर, गुरुवार : नेटबुक

ईई पीसी जातीची तिन्ही. एस्केप दाबून बूट मेनू येईना, एफ२ ही लागेना. कारण बूट बूस्टर : डिस्कच्या शेवटी काही एमबींचे छोटे ईएफ प्रकारचे पार्टिशन असते, त्यात फर्मवेअर आपल्या तपासणीचा निकाल साठवते आणि पुढच्या वेळी कळा वाचायला थांबतच नाही. आधीच्या सिस्टिममध्ये जाऊन ते पार्टिशन उडवले, मग सेटअप उघडला. तिथे बूट बूस्टर बंद.

पुढचा पेच : पेनड्राइव्ह ‘काढता येणारी उपकरणे’ यादीत शोधू नये. या बायोसला तो हार्ड डिस्क वाटतो, त्यामुळे ‘हार्ड डिस्क ड्राइव्हज्’ या आतल्या यादीत त्याला पहिला क्रमांक द्यावा लागतो. तोही ड्राइव्ह लावलेला असतानाच. नसेल तर यादीत नावच येत नाही.

१ जीबीत चित्रमय इन्स्टॉलर रडतखडत चालतो, म्हणून मजकुरी घेतला. भाषा इंग्रजी, नंतर लोकेल्स (सिस्टिमची भाषा-मांडणी) पुन्हा मांडून मराठी. वायफायचे फर्मवेअर डेबियन १२ पासून अधिकृत फाइलीतच असते, वेगळ्या पेनड्राइव्हवरून देण्याची जुनी कवायत संपली. रॅम २ जीबी केली. या चिपसेटची कमाल तेवढीच आणि खाचही एकच. ६०० ओळींच्या पडद्यावर काही खिडक्यांची ‘ओके’ची बटणे खाली जातात, आल्ट दाबून माउसने खिडकी वर ओढायची.

डेबियन १२ चा नेहमीचा सुरक्षा-पाठिंबा जून २०२६ पर्यंतच. ही तिन्ही इंटरनेटला न जोडता टंकलेखनाच्या सरावाला द्यावीत असे वहीत लिहून ठेवले.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार : टू-इन-वन

प्रोसेसर ६४ बिट, फर्मवेअर ३२ बिट. अशा मशिनाला पेनड्राइव्हवर बूटआयए३२ ही फाइल लागते. फक्त बूटएक्स६४ असेल तर ड्राइव्ह बूट मेनूत येतच नाही आणि लोक पोर्ट बदलत बसतात. लिहिण्याआधी फाइलीतला ईएफआय फोल्डर उघडून दोन्ही नावे बघावीत. सिस्टिम ६४ बिट घालता येते, बूटलोडर तेवढा ग्रब-ईएफआय-आयए३२.

पोर्ट एकच मायक्रो यूएसबी, त्यातूनच चार्जिंग. ओटीजी केबल (या पोर्टाला यूएसबी उपकरणे लावू देणारी), तिला स्वतंत्र वीज असलेला हब, हबला कीबोर्ड आणि पेनड्राइव्ह. बिनविजेच्या हबवर पेनड्राइव्ह मध्येच गळतो. इन्स्टॉलच्या काळात चार्जिंग नाही, म्हणून आधी बॅटरी पूर्ण भरून घेतली.

डिस्क एसडीए नावाने दिसत नाही. एमएमसीबीएलके शोधायचे, आणि त्याच्या शेजारचे बूट० व बूट१ हे भाग हात न लावता सोडायचे. पडदा आडवा येतो, मान वाकडी करून काम करावे लागते. इन्स्टॉलनंतर एक्सएफसीईच्या मांडणीत फिरवता येतो. तारेचे पोर्ट नाही, पीएक्सई वायफायवरून होत नाही, म्हणून इथे पेनड्राइव्हला पर्यायच नव्हता.

१ नोव्हेंबर, शनिवार : पेंटियम ४

नाकापेक्षा मोती जड असे हे काम, पण ग्रंथालयाची नोंदवही त्यावर आहे. आधी ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली.

४० जीबीची आयडीई डिस्क काढली, जंपर मास्टरवर, यूएसबी-आयडीई अडॅप्टरला लावली. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून येत नाहीत. अडॅप्टरचा वेगळा वीजपुरवठा जोडला. एका डेस्कटॉपची स्वतःची साटा केबल उपटली, म्हणजे चुकून ती डिस्क पुसली जाण्याचा प्रश्नच नाही. तो डेस्कटॉप जुन्या बायोस पद्धतीने बूट केला, कारण पेंटियमला यूईएफआय ठाऊक नाही. डेबियन १२, ३२ बिट. ग्रब कुठे घालायचा हे विचारताना यादीत पेनड्राइव्हही असतो. नाव एसडीए की एसडीबी यावर न जाता मॉडेल वाचून निवडले.

डिस्क परत जागेवर लावली आणि मशिन पहिल्या फटक्यात उठले. डेबियनचा इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी चढणारा ड्रायव्हरांचा संच) सरसकट सगळे ड्रायव्हर घेऊन बनतो आणि पार्टिशने यूयूआयडीने (प्रत्येकाच्या स्वतःच्या क्रमांकाने) ओळखली जातात, म्हणून बोर्ड बदलल्याचा फरक पडत नाही. नेटवर्क कार्डाचे नाव मात्र बदलते. एक्सएफसीईसारखे डेस्कटॉप-वातावरण घातले असेल तर नेटवर्कमॅनेजर सांभाळून घेतो. नुसता मूळ संच घातला असेल तर इंटरफेसेस फाइलीत जुने नाव राहते आणि नेटवर्क मुके होते.

३ नोव्हेंबर, सोमवार : ऑफिसचा लॅपटॉप

विंडोज ११ चा पेनड्राइव्ह. यूईएफआयला फॅट३२ (ड्राइव्हची एक फॉरमॅट-पद्धत) हवे आणि फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. इन्स्टॉल-विम (विंडोजची मुख्य फाइल) त्याहून मोठी असते. रूफस एनटीएफएस करून त्यावर मार्ग काढतो. लिनक्सवरून बनवायचा असेल तर विमलिबने तिचे ३८०० एमबीचे तुकडे करून एसडब्ल्यूएम नावाने त्याच सोर्सेस फोल्डरात ठेवावेत, इन्स्टॉलर ते आपणहून जोडून घेतो. मूळ विम तिथे ठेवू नये.

इन्स्टॉलर डिस्क दाखवेना. अकराव्या पिढीपासून इंटेलचा व्हीएमडी (एनव्हीएमई डिस्क हाताळणारा प्रोसेसरमधला भाग) चालू असतो आणि त्यामागची एनव्हीएमई इन्स्टॉलरला दिसत नाही. इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर घेतला. ती एक्सई तशीच पेनड्राइव्हवर टाकून उपयोग नाही. एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स हा पर्याय देऊन आतल्या आयएनएफ फाइली बाहेर काढाव्या लागतात. मग ‘लोड ड्रायव्हर’मधून व्हीएमडीचा निवडला, डिस्क आली.

सेटअपमध्ये व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते आणि नव्याने इन्स्टॉल करताना ते चालते. जुने विंडोज राखायचे असेल तर तसे करू नये : ते बूट होत नाही, वर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) रिकव्हरी किल्ली मागतो. ऑफिसच्या डिस्कची ४८ अंकी किल्ली आधीच कागदावर उतरवून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवली होती, लागली नाही.

उरलेले : डेस्कटॉप ७ आणि ११ चे कीबोर्ड, नेटबुकांपैकी एकाचा चार्जर, आणि प्रत्येक मशिनाच्या पाठीवर बूट मेनूची कळ, फर्मवेअरचे बिट व बॅटरी बदलल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी.